टेक्सासमधल्या शिकारीच्या जमिनीला कुंपण: हद्द, तार, फाटक आणि जांभळा रंग

नोव्हेंबरचा पहिला शनिवार म्हणजे टेक्सासात हरणांच्या शिकारीचा मुहूर्त. त्या पहाटे आपल्याच रानात, आपल्याच ओकखाली कुणी अनोळखी माणूस रायफल घेऊन बसलेला सापडला, तर त्याचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: ‘ही जमीन तुमची आहे हे मला माहीतच नव्हतं.’ कुंपणाचं सगळं काम या एका वाक्याशी आहे. काटेरी तारेचे चार-पाच पदर धडधाकट माणसाला अडवत नाहीत. तो दोन तारा फाकवतो आणि वाकून आत येतो. पण नीट घातलेलं, नीट खुणा केलेलं कुंपण ओलांडल्यावर त्याला ‘माहीतच नव्हतं’ म्हणता येत नाही. शेरिफच्या माणसापुढे आणि कोर्टात कुंपणाची खरी किंमत ही आहे. त्यामुळे पैसे कुंपणाच्या उंचीवर उधळू नका, असं माझं ठाम मत आहे. ते हद्दीच्या खात्रीवर, कोपऱ्याच्या खांबांवर, फाटकांवर, ओढ्याच्या जागेवर आणि रंगाच्या डब्यावर खर्च करा.

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडची काही मराठी कुटुंबं आता शहरापासून दोन-तीन तासांवर रान घेऊ लागली आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे शिकारीसाठी राखलेली खासगी जमीन ही कल्पनाच नवी वाटते. टेक्सासची सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. सार्वजनिक जंगल थोडं, शिकारी भरपूर. मग शिकारीची जागा म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीचं रान. मालक स्वतः शिकार करतो, नाहीतर हंगामापुरती जमीन लीजवर देतो. मालकाने बंदूक कधी हातात धरली नसली तरी त्याच्या जमिनीवर हरणं, टर्की आणि रानडुकरं असतात, आणि त्यांच्यामागे माणसं येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. जमीन तुमची असली तरी तिच्यावरचं रानटी हरीण तुमचं नाही; कायद्याने ते राज्यातल्या जनतेचं आहे. आठ फुटी जाळी घातल्यानेही ते तुमचं होत नाही. जमिनीवर कुणाला पाऊल ठेवू द्यायचं, एवढंच तुमच्या हातात आहे.

कायद्याला काय पुरतं

टेक्सासच्या दंडसंहितेत कलम ३०.०५ घुसखोरीबद्दल आहे. परवानगीशिवाय आत येणं गुन्हा ठरायला त्या माणसाला मनाईची सूचना मिळालेली असावी लागते. ही सूचना पाच प्रकारे देता येते: तोंडी किंवा लेखी सांगून, माणसांना बाहेर किंवा गुरांना आत ठेवण्यासाठी आहे हे उघड दिसणाऱ्या कुंपणाने, नजरेस पडेल अशा पाटीने, झाडांवर किंवा खांबांवर ठरावीक मापाचे जांभळे पट्टे ओढून, आणि माणसाच्या खाण्यासाठी लावलेलं पीक उभं दिसत असेल तर त्या पिकानेच. यातली एकही पुरते. मी तीन तरी ठेवायला सांगेन: कुंपण, पाटी आणि जांभळा रंग. तार तुटलेली असू शकते, पाटी कुणी काढून नेते, पण झाडावरचा पट्टा पुसायला कुणी बसत नाही.

शिक्षाही ठाऊक असाव्यात, कारण लीजवर आलेल्या शिकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना त्या सांगायची वेळ येते. साधी घुसखोरी हा ब वर्गाचा गुन्हा आहे. शेतजमिनीच्या हद्दीपासून १०० फुटांच्या आत असलेल्या माणसाचा गुन्हा त्याहून हलका धरतात. पण जवळ प्राणघातक हत्यार असेल तर तोच गुन्हा अ वर्गात जातो: एक वर्षापर्यंत कैद, ४,००० डॉलरपर्यंत दंड. मालकाच्या संमतीशिवाय पांढऱ्या शेपटीचं हरीण मारलं तर प्रकरण राज्य तुरुंगाच्या शिक्षेपर्यंत जातं. गुरं किंवा शिकारीचे प्राणी राखणारं कुंपण कापणंही त्याच गंभीर वर्गात मोडतं. त्यामागे इतिहास आहे. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, काही वर्षांत टेक्सासची मोकळी कुरणं तारेने बंद झाली आणि १८८३ मध्ये रात्री-अपरात्री तारा कापणाऱ्या टोळ्या आणि कुंपणवाले मालक यांच्यात रक्त सांडलं. १८८४ मध्ये विधिमंडळाने तार कापणं हा मोठा गुन्हा ठरवला. त्याच वेळी दुसऱ्याची जमीन आपल्या कुंपणात घेणाऱ्यांनाही दोषी ठरवलं, हे मात्र कुंपणवाले सहसा सांगत नाहीत.

मोजणीआधी खांब नको

बांध कोरणारा शेजारी आणि मोजणीचा वाद महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. इथेही जुनं कुंपण म्हणजे हद्द नव्हे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खडक चुकवून, ओढा चुकवून, सोयीने तार ओढलेली असते. जुन्या खरेदीखतांत अंतरं ‘व्हारा’ या स्पॅनिश मापात असतात. टेक्सासात एक व्हारा म्हणजे ३३⅓ इंच. कोपऱ्याची खूण म्हणून दगडांची रास किंवा फुली मारलेलं ओकचं झाड लिहिलेलं असतं, आणि ते झाड कधीच पडून गेलेलं असतं.

म्हणून राज्याचा परवाना असलेल्या सर्व्हेअरकडून मोजणी करून घ्या. नुसते कोपरे नकोत. चढउताराच्या जमिनीत एका कोपऱ्यावरून दुसरा दिसत नाही, तेव्हा मधल्या रेषेवरही, एका खुंटीवरून पुढची दिसेल अशा अंतराने, खुंट्या आणि रिबिनी लावून मागा. कोपऱ्यात सर्व्हेअर लोखंडी सळई ठोकून तिच्यावर टोपी बसवतो. ती गवतात हरवते, म्हणून त्याच दिवशी शेजारी एक टी-पोस्ट (इंग्रजी T आकाराचा लोखंडी खांब) ठोका आणि त्याचा वरचा फूटभर भाग रंगवा. मोबाइलवरच्या नकाशातली हद्दीची रेघ दिशा समजायला ठीक आहे. तिच्या भरवशावर खांब गाडू नका. ती कित्येक फूट सरकलेली असू शकते.

मग शेजाऱ्याकडे जा. पत्र पाठवू नका, स्वतः जा, मोजणीचा नकाशा सोबत न्या. टेक्सासात शेजाऱ्याने खर्चात वाटा द्यायलाच हवा असा नियम नाही. तसा करार झाला तरच. सामाईक रेषेवर कुंपण घालायचं असेल तर खर्च आणि दुरुस्ती कुणाची हे लिहून सह्या करा. ते जमत नसेल तर कुंपण रेषेच्या फूटभर आत, पूर्णपणे आपल्या बाजूला घ्या. आत घेतलं तर ‘कुंपण हद्दीवर नाही, हद्द बाहेर आहे’ असा कागद वकिलाकडून करून काउंटी क्लार्ककडे, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात, नोंदवून ठेवा. इथे दहा वर्षांच्या उघड ताब्यावर मालकी सांगता येते, आणि तुमची नातवंडं त्या फूटभर पट्ट्यासाठी भांडू नयेत.

कामाचा काळ

हे वेळापत्रक टेक्सासच्या मध्यभागातल्या, हिल कंट्रीच्या ओक आणि सीडरच्या रानाचं आहे. तिथे दोन गोष्टी तारखा ठरवतात. ओकला ‘ओक विल्ट’ नावाचा बुरशीचा रोग होतो. ताज्या जखमेवर बसणारे किडे तो पसरवतात. त्यामुळे १ फेब्रुवारी ते ३० जून ओकची फांदी तोडू नये, आणि वर्षात केव्हाही तोडली तरी जखमेवर लगेच रंग लावावा. दुसरी गोष्ट, सोनेरी गालाचा वॉर्बलर हा संकटग्रस्त पक्षी मार्चपासून जुन्या सीडरच्या रानात घरटी करतो आणि त्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. दाट जुनं सीडर तोडण्याआधी चौकशी करा.

म्हणजे रेषा साफ करायचा चांगला महिना जानेवारी. राज्याच्या उत्तर विभागात हरणांचा मुख्य हंगाम जानेवारीच्या पहिल्या रविवारी संपतो, दक्षिण विभागात तिसऱ्या. हंगाम संपला की लगेच लागा. आपल्या बाजूला दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा करा, चारचाकी गाडी त्यावरून जाऊ शकली पाहिजे. या पट्ट्याचं महत्त्व तारेइतकंच आहे: ज्या कुंपणापर्यंत पोचता येत नाही त्याची पाहणी होत नाही, आणि पाहणी होत नाही हे बाहेरच्याला लवकर कळतं. फेब्रुवारी ते मे बांधकाम. ऑगस्टमध्ये रंग आणि पाट्या, कारण १ सप्टेंबरला होल्यांची शिकार सुरू होते आणि तिथून जानेवारीपर्यंत रानात माणसांची ये-जा असते.

खणण्याआधी ८११ ला फोन करा. सेवा मोफत आहे; ते येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर खुणा करतात. टेक्सासात कोणत्या माळाखालून गॅसची लाइन जात असेल सांगता येत नाही.

कोणतं कुंपण

आठ फुटी उंच जाळीची भुरळ बऱ्याच जणांना पडते. उंच जाळी हरणांना अडवायला असते, माणसाला नव्हे. पक्कड हातात असलेल्या माणसाला चार फूट काय नि आठ फूट काय. खर्च कित्येक पट, हरणांच्या वाटा बंद, आणि आत अडकलेल्या कळपाची जबाबदारी तुमच्यावर. घुसखोरी थांबवणं एवढाच हेतू असेल तर उंच जाळी घालू नका.

गुरं नसतील, किंवा थोडी असतील, तर तारेचे चार पदर पुरतात. उंची जमिनीपासून १६, २२, २८ आणि ४० इंच. सर्वांत खालची तार बिनकाट्याची, म्हणजे पाडस खालून सरकून जातं. वरच्या दोन तारांत १२ इंच अंतर का, हे एकदा पाहिलं की विसरत नाही. हरीण उडी मारताना मागचे पाय पोटाखाली घेतं. वरच्या दोन तारा जवळजवळ असतील तर पाय त्यांच्यामध्ये शिरतो, तारांना पीळ बसतो आणि प्राणी उलटा लटकून मरतो. शेजाऱ्याची भारी जनावरं तारेवर रेलत असतील तर पाचवी तार घ्या, पण वरचं अंतर कमी करू नका.

शेळ्या-मेंढ्या असतील तर विणलेली जाळी हवी. दुकानात ती आकड्यांनी मागतात: १०४७ म्हणजे दहा आडव्या तारा, ४७ इंच उंची. पुढचा आकडा उभ्या तारांमधलं अंतर सांगतो. शिंगवाल्या शेळ्यांसाठी सहा इंचांचं घर घेऊ नका. डोकं आत जातं, शिंगांमुळे बाहेर येत नाही. बारा इंचांचं घ्या.

कोपरा

कुंपण मोडतं ते कोपऱ्यातून. पाव मैल तार ताणली की तिचा सगळा ताण शेवटच्या खांबावर येतो, आणि तो खांब दर उन्हाळ्या-हिवाळ्यात थोडाथोडा आत झुकतो. दोन वर्षांत तारा सैल पडतात. सैल तार पाहून येणाऱ्याला वाटतं, इथे कुणी लक्ष देत नाही. म्हणून या भागाला वेळ द्या.

कोपऱ्याचा खांब आठ फुटी, सहा ते आठ इंच जाडीचा, आणि किमान तीन ते साडेतीन फूट जमिनीत. कुंपणाच्या रेषेत त्याच्यापासून आठ फुटांवर दुसरा तसाच खांब. दोघांच्या मध्ये वरच्या बाजूला आडवा दांडा, चारेक इंच जाडीचा, दोन्हीकडे खाच करून किंवा सळईने बसवलेला. इथवर बहुतेक जण बरोबर येतात. पुढे तिरकी तार येते, आणि तीच अनेकदा उलटी बांधलेली दिसते. कुंपणाचा ताण कोपऱ्याच्या खांबाचं डोकं आत खेचतो. आडवा दांडा तो रेटा दुसऱ्या खांबाच्या डोक्यावर देतो. मग दुसऱ्या खांबाचं डोकं धरून ठेवायला हवं. म्हणून तिरकी तार दुसऱ्या खांबाच्या डोक्यापासून कोपऱ्याच्या खांबाच्या बुडाकडे जाते. उलट बांधली, म्हणजे कोपऱ्याच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या बुडाकडे, तर ती कसलाच ताण घेत नाही आणि नुसती दिसायला राहते. बिनकाट्याच्या तारेचा दुहेरी फास घाला, मध्ये दांडकं अडकवून पिळा. तारेवर बोटाने टिचकी मारली की घुमल्यासारखा आवाज आला पाहिजे.

कोपऱ्यावर कुंपण दोन दिशांना जातं, तेव्हा ही जोडणी दोन्ही दिशांना हवी. प्रत्येक फाटकाच्या दोन्ही बाजूंनाही हवी. लांब सरळ रेषेत दर पाव मैलाला एक घ्या. काटेरी तारेचं भेंडोळंच १,३२० फुटांचं असतं, त्यामुळे ते अंतर आपोआप जुळतं.

हिल कंट्रीत फूटभर खणलं की चुनखडक लागतो. पहारीने भागत नाही, खडक फोडणारं ड्रिल भाड्याने आणा किंवा तेवढे कोपरे कंत्राटदाराकडून करून घ्या आणि मधलं काम स्वतः करा. ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. खांबांसाठी जुन्या सीडरचा तांबूस गाभा टिकाऊ. पांढऱ्या सालीकडचा भाग जास्त असलेला खांब लवकर कुजतो.

मधल्या रेषेत लोखंडी टी-पोस्ट दर १२ ते १५ फुटांना. त्याचे गाठीचे दात तारेच्या बाजूला. लाकडी खांबावर यू-खिळे पूर्ण आत ठोकू नका. तार खिळ्यातून सरकायला हवी, नाहीतर झाड पडलं की तिथेच तुटते. तार ताणताना जाड कातडी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि तुम्ही खांबाच्या पलीकडच्या बाजूला. ताणलेली काटेरी तार तुटली तर ती चाबकासारखी मागे येते. उन्हाळ्यात गवतात हात घालण्याआधी काठी फिरवा. खडखड्या साप सावलीला दगडाखाली बसलेला असतो.

ओढा

कुंपण ओढ्याजवळ आलं की तिथे त्याची परीक्षा असते, आणि घुसखोरालाही तेच ठिकाण सापडतं. ओढ्यावर मुख्य कुंपण आरपार ओढू नका. एका पुरात ओंडके अडकतील आणि दोन्ही काठांवरचे खांब उपटले जातील. दोन्ही काठांवर कोपऱ्यासारखी पक्की जोडणी करून कुंपण तिथे संपवा. मध्ये एक जाड तार आडवी ताणून तिच्यावर पत्रे, जाळीचे तुकडे किंवा लाकडाच्या पट्ट्या मोकळ्या लटकवा. पाणी आलं की वर उचलल्या जातात, ओसरलं की खाली येतात. आणखी सोपा उपाय म्हणजे हा तुकडा मुद्दाम कच्च्या तारेने बांधणं, पूर आला की तो तुटेल आणि बाकीचं वाचेल. पावसानंतर तो पुन्हा बांधायला मात्र जावंच लागतं.

इथे एक कायदेशीर बाब आहे आणि नवे मालक तिच्यावर हमखास अडखळतात. टेक्सासात मुखापासून वर सरासरी ३० फूट रुंद असलेला प्रवाह नौकानयनयोग्य मानला जातो, पाणी कमी असलं तरी. त्याच्या पात्रात लोकांना फिरण्याचा हक्क आहे. पात्रातून चालणाऱ्या माणसाला तुम्ही अडवू शकत नाही आणि पात्र कुंपणाने बंद करू शकत नाही. तुमची हद्द काठावर आहे, म्हणून खुणा आणि पाट्या काठावर, पात्रातून वर पाहणाऱ्याला दिसतील अशा लावा.

फाटक

रानात बिनपरवानगी येणारे सगळेच तार ओलांडत नाहीत. काही फाटकातून, कुलपाचा आकडा टाकून येतात. मागच्या वर्षीच्या लीजवरचा शिकारी, त्याचा मेहुणा, विहिरीचं काम करून गेलेला मिस्त्री, पूर्वीच्या मालकाचा मित्र. आकडा एकदा बाहेर गेला की तो पसरतो. म्हणून दर हंगामाआधी आकडा बदला. याला पैसे लागत नाहीत, आणि खर्चाच्या मानाने दुसऱ्या कुठल्याही उपायापेक्षा याचा उपयोग जास्त.

फाटकं जितकी कमी तितकी बरी. रस्त्यावरचं फाटक रस्त्यापासून एवढं आत घ्या की मागे ट्रेलर लावलेली गाडी रस्ता न अडवता थांबू शकेल. बिजागरीचा वरचा खिळा खाली वळवून बसवा, म्हणजे फाटक उचलून काढता येत नाही. फाटकाऐवजी दोन खांबांमध्ये नुसती साखळी किंवा तार आडवी कधीही बांधू नका. संध्याकाळी गाडीवरून येणाऱ्याच्या गळ्याशी ती येते, आणि तो माणूस तुमचाच पाहुणाही असू शकतो.

जमीन घेताना खाली असलेल्या तेल-वायूचे हक्क वेगळे विकलेले आहेत का ते पाहिलं असेलच. असतील तर त्या हक्कांच्या धारकाला जमिनीवर यायचा अधिकार आहे. वीज कंपनी, मागच्या जमिनीच्या वाटेचा हक्क असलेला शेजारी, हेही येणारच. एकाच साखळीत प्रत्येकाचं वेगळं कुलूप गुंफा. ज्याचं कुलूप उघडतं तो येतो, आणि कुणाकडून आकडा फुटला तेही कळतं. गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे राबवणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याला, आकडा स्वतःहून द्या. कायद्याने त्याला आत यायचा अधिकार आहेच, आणि त्याची जीप अधूनमधून तुमच्या फाटकातून जाताना दिसली तर आजूबाजूला योग्य तो निरोप पोचतो.

जांभळा रंग आणि पाट्या

टेक्सासने जांभळ्या पट्ट्यांना १९९७ पासून पाटीइतकंच वजन दिलं. माप पक्कं आहे: उभा पट्टा, लांबी किमान ८ इंच, रुंदी किमान १ इंच, पट्ट्याचं खालचं टोक जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर. इमारती लाकडाच्या जंगलात दोन पट्ट्यांत १०० फुटांपेक्षा जास्त अंतर नको, इतर जमिनीवर १,००० फुटांपेक्षा जास्त नको. मेस्किट-सीडरच्या रानाला कायद्याने १,००० फूट चालतात. मी तिथेही १०० फुटांनीच रंगवायला सांगेन, कारण झाडीत १,००० फुटांमध्ये माणसाला एकही पट्टा न दिसता आत येता येतं, आणि मग ते नेहमीचं वाक्य पुन्हा ऐकावं लागतं.

झाडाची सुटी साल तारेच्या ब्रशने खरवडा, आतल्या जिवंत सालीला धक्का लावू नका. पट्टा बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याकडे तोंड करून. टी-पोस्टवर एक इंच रुंदी जेमतेम बसते, म्हणून शक्य तिथे लाकडी खांब किंवा झाड निवडा. ऊन दक्षिण-पश्चिमेकडचे पट्टे आधी फिके करतं. दर उन्हाळ्यात ते तपासा. जांभळ्याचा अर्थ सगळ्यांना माहीत नसतो, त्यामुळे प्रत्येक फाटकावर एक पाटी लावून ‘जांभळा पट्टा म्हणजे प्रवेश बंद’ हे इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लिहा. पाटी झाडाला खिळ्याने ठोकू नका, खांबावर लावा, आणि हात वर करूनही सहज पोचणार नाही इतकी उंच.

शेजारी, कॅमेरे, नोंदी

शिकारीच्या हंगामातला सर्वांत नाजूक प्रसंग घुसखोराचा नसतो, चांगल्या शेजाऱ्याचा असतो. त्याने आपल्या हद्दीत हरणावर गोळी झाडली, हरीण जखमी होऊन तुमच्याकडे येऊन पडलं. टेक्सासात त्याला तुमच्या परवानगीशिवाय ते आणायला येता येत नाही. हे भांडण हंगामाआधीच मिटवा: एकमेकांचे फोन नंबर घ्या, आधी फोन, मग बंदूक गाडीत ठेवून दोघांनी मिळून शोध, असं ठरवा. तसंच, दोन्ही मालकांचा लेखी करार नसेल तर गोळी हद्दीपलीकडे जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून मचाण कुंपणाला लागून बांधू नका आणि त्याचं तोंड आत ठेवा. तुमच्या मचाणाचं तोंड शेजाऱ्याकडे असेल तर त्याचंही तुमच्याकडे वळतं.

कॅमेरे हरणांच्या वाटांवर सगळेच लावतात. दोन कॅमेरे माणसांसाठी ठेवा: एक फाटकावर, एक ओढ्याच्या जागी. आठ-दहा फूट उंचावर, खाली झुकलेले, म्हणजे चोरीलाही जात नाहीत आणि गाडीचा नंबरही दिसतो. मोबाइलवर फोटो पाठवणारे घ्या. कॅमेरा नेला तरी फोटो उरतो.

लीज देत असाल तर पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा लीज परवाना काढावा लागतो. करारात येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि गाडी लिहून घ्या, पाहुणे चालतील की नाही ते लिहा. मग रानात दिसलेला माणूस यादीत आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो.

कुणी आत सापडलं तर

तो सशस्त्र आहे, तुम्ही बहुधा एकटे आहात, फोनला रेंज कमी आहे. वाद घालायला पुढे जाऊ नका. लांबून फोटो, गाडीचा नंबर, वेळ, जागा टिपा आणि शेरिफ किंवा गेम वॉर्डनला कळवा. चोरट्या शिकारीसाठी राज्याची १९८१ पासून चालू असलेली ‘ऑपरेशन गेम थीफ’ ही योजना आहे. तिथे नाव न सांगता तक्रार करता येते. पहिल्याच वेळी खटला भरायचा की लेखी ताकीद देऊन सोडायचं हे माणूस पाहून ठरवा, पण ताकीद लेखी आणि अधिकाऱ्यासमोर असू द्या. पुढच्या वेळी तीच सूचना म्हणून उभी राहते.

सापळा, लपवलेले खिळे, तारेला जोडलेली बंदूक यांचा विचारही करू नका. आयोवात एका जोडप्याने चोऱ्यांना कंटाळून ओस पडलेल्या घरात दाराला बांधून शॉटगन लावली. आत शिरलेल्याचा पाय जायबंदी झाला आणि १९७१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मिळालेली ३०,००० डॉलरची भरपाई कायम केली. टेक्सासातही घुसखोराला मुद्दाम किंवा घोर बेफिकिरीने इजा झाली तर मालकाला जबाबदार धरतात.

इतर राज्यांत जमीन असलेल्यांनी इथली मापं तशीच उचलू नयेत. रंग कोणता, पट्टा केवढा, पाट्या किती अंतरावर, हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे. भारतातल्या शेताला तर यातलं कोपऱ्याचं आणि ओढ्याचं तेवढंच घ्यावं.

राहिली पाहणी. मोठ्या पावसानंतर ओढा, वादळानंतर पूर्ण रेषा, हंगामात दर आठवड्याला फाटकं आणि रस्त्याकडची बाजू. गाडीत पक्कड, ताणयंत्र, तारेचं छोटं भेंडोळं, खिळे आणि रंगाचा डबा कायम ठेवा. तुटलेली तार दिसली की त्याच दिवशी जोडा, आणि जोडण्याआधी टोकांचा फोटो घ्या: झाड पडून तुटलेल्या तारेचं टोक ताणून निमुळतं झालेलं असतं, पक्कडीने कापलेलं सपाट असतं.